चौथ्या रकान्यातलं जामनेर

भारताच्या राजपत्रात ६ एप्रिल २०१८ या तारखेची एक अधिसूचना आहे. तिच्यात एक तक्ता आहे: सहा ओळी, चार रकाने. कोणत्या प्रकारचं वाहन कोणत्या प्रकारच्या रस्त्यावर ताशी जास्तीत जास्त किती किलोमीटरनं जाऊ शकतं, एवढंच त्यात सांगितलंय. लोक कवितेचं रसग्रहण करतात, बंदिशीचं करतात, जुन्या वाड्याच्या कोरीव चौकटीपुढेही तासभर उभे राहतात. राजपत्रातला तक्ता मात्र वकील आणि हवालदार सोडून कोणी उघडत नाही. मला तो आवडतो. त्याच्या आकड्यांना एक चाल आहे, त्याच्या रचनेत विचार आहे आणि त्यात एक चांगली रुंद फटही आहे. त्या फटीतून जळगाव जिल्ह्यातला आमचा जामनेर तालुका अख्खा दिसतो.

आधी तक्ता समोर ठेवू. पहिला रकाना द्रुतगती मार्गांचा, म्हणजे जिथं वाटेल तिथून घुसता येत नाही, ठरलेल्या जागीच चढायचं आणि उतरायचं. दुसरा चार किंवा अधिक पदरांच्या, मधे दुभाजक असलेल्या रस्त्यांचा. तिसरा नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांचा. चौथ्याचं नाव ‘इतर रस्ते’. आता ओळी. चालकाखेरीज आठपर्यंत आसनं असलेली मोटार: १२०, १००, ७०, ७०. नऊ किंवा जास्त आसनांची प्रवासी गाडी: १००, ९०, ६०, ६०. मालवाहू गाडी: ८०, ८०, ६०, ६०. मोटारसायकल: तीही ८०, ८०, ६०, ६०. मग क्वाड्रिसायकल हा मोटार आणि रिक्षा यांच्या मधला प्रकार: पहिल्या रकान्यात नुसती रेघ, पुढं ६०, ५०, ५०. शेवटी तीनचाकी: रेघ, ५०, ५०, ५०.

एकदा मोठ्यानं वाचून बघा. मोटारीची ओळ पायऱ्या उतरावी तशी उतरते. ट्रकची ओळ बराच वेळ सपाट चालून एकदाच खाली येते. रिक्षा सगळीकडे पन्नासच. रस्ता रुंद झाला म्हणून तिच्या वाट्याला काही जास्त येत नाही. यातली मालवाहू गाडीची ओळ मला सगळ्यांत शहाणी वाटते. द्रुतगती मार्गावर मोटारीला १२० आणि ट्रकला ८०, म्हणजे दोघांत चाळीसचं अंतर. दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर ते वीसवर येतं आणि चौथ्या रकान्यात दहावर. रस्ता अरुंद होत गेला की कायदा वाहनांमधला भेद कमी करत जातो. त्यामागचं कारण ड्रायव्हिंग सीटवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. दुपदरी रस्त्यावर पुढच्याला ओलांडायचं म्हणजे समोरून येणाऱ्याच्या पदरात शिरायचं. मागच्या-पुढच्याच्या वेगात फरक जितका जास्त, तितकी ओव्हरटेक करण्याची खुमखुमी जास्त. म्हणून सगळ्यांना जवळजवळ एकाच चालीनं चालवायचं. हे कुठं स्पष्टीकरणात लिहिलेलं नाही. आकड्यांच्या उतरंडीत ते आपोआप उतरलंय. चांगल्या लेखनाची ही खूण मी मानतो.

तक्ता काय बघत नाही, तेही बघण्यासारखं आहे. आपल्याकडे रस्त्याची प्रतिष्ठा मैलाच्या दगडावर रंगवलेली असते: राष्ट्रीय महामार्गाचा माथा पिवळा, राज्य महामार्गाचा हिरवा, प्रधानमंत्री ग्रामसडकेचा नारिंगी. या तक्त्याला दगडाचा माथा दिसतच नाही. त्याला दिसतो फक्त दुभाजक. पहूरहून जामनेर, बोदवड, मुक्ताईनगर करत पुढं बऱ्हाणपूरकडे जाणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ७५३-एल झालाय. गावात त्याचं कौतुक झालं, फलक लागले, पिवळे दगड आले. पण जिथं मधे दुभाजक आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन पदर नाहीत, तिथं तो ‘इतर रस्ता’च आहे आणि मोटारीला ७० च्या वर जायची मुभा नाही. शेजारच्या बिनरंगी दगडाच्या रस्त्यालाही तेवढीच. राष्ट्रीय ही पदवी वेग वाढवत नाही, हे मला या तक्त्यातलं फार सभ्य सत्य वाटतं. समोरासमोर टक्कर होऊ शकते की नाही, एवढा एकच प्रश्न तो रस्त्याला विचारतो.

आता फटीकडे येतो. तिसरा आणि चौथा रकाना शेजारी शेजारी ठेवा. ७०, ७०. ६०, ६०. ६०, ६०. पुन्हा ६०, ६०. ५०, ५०. ५०, ५०. सहाच्या सहा ओळींत दोन्ही रकाने तंतोतंत सारखे आहेत! नगरपालिकेची हद्द लागली तरी आकडा बदलत नाही, हद्द संपली तरी नाही. जामनेर ही नगरपरिषद आहे. नेरीहून येणारी मोटार नगरपरिषदेच्या हद्दीत शिरली की कायद्याच्या लेखी चौथ्या रकान्यातून तिसऱ्यात येते. तक्त्यात तिनं घर बदललं, पण गाडीच्या काट्यानं जागा बदलायची गरज नाही. कांग नदीचा पूल असो, बाजारपेठ असो, शाळा सुटायची वेळ असो, केंद्राच्या तक्त्याप्रमाणे मोटारीला सगळीकडे ७० पर्यंत मोकळीक.

मग दोन वेगळे रकाने छापलेच कशाला? पहिल्या वाचनात हा आळस वाटतो. मसुदा करणाऱ्यानं शहर आणि खेडं यांत फरक करायचा म्हणून रकाने पाडले आणि भरताना एकाचीच नक्कल दुसऱ्यात उतरवली, असं वाटतं. दुसऱ्या वाचनात मी थोडा नरमतो. तिसरा रकाना जागा राखून ठेवण्यासाठी असावा: इथं शहर आहे, इथला खरा आकडा आम्ही दिल्लीत बसून देऊ शकत नाही, ज्याचं शहर त्यानं तो खाली आणावा. हे माझं वाचन आहे, मंत्रालयाचं नव्हे. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ वाचलं की त्याला बळ मिळतं. त्याकडे येतोच, आधी चौथ्या रकान्याचा हिशेब पुरा करू.

‘इतर रस्ते’ हे नाव शिल्लक राहिलेल्यांचं आहे. पंगत उठल्यावर उरलेल्यांना एका ओळीत बसवावं तसे देशातले बहुतेक सगळे रस्ते त्यात बसवलेत. त्यात ७५३-एल आहे, जिल्हा मार्ग आहेत, शेवरीच्या झाडाखालून खळ्याकडे वळणारा शिवाररस्ताही आहे. आता रस्ते बांधणाऱ्यांची पोथी उघडा. भारतीय रस्ते काँग्रेस ही संस्था रस्त्याचे मापदंड ठरवते. ग्रामीण महामार्गांच्या आखणीचा तिचा १९८० चा मापदंड सांगतो: सपाट प्रदेशात राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग ताशी १०० च्या वेगासाठी आखावेत, प्रमुख जिल्हा मार्ग ८० साठी, इतर जिल्हा मार्ग ६५ साठी आणि गावरस्ते ५० साठी; जागा अडचणीची असेल तर गावरस्ता ४० साठी आखला तरी चालेल. आखणीचा वेग म्हणजे वळण किती मोठं, चढाव किती, समोरचं किती लांबून दिसावं, हे सगळं ज्या वेगाचा विचार करून ठरवतात तो वेग. तर इंजिनिअरनं ज्या गावरस्त्याचं वळण ५० साठी, कधी ४० साठी काढलंय, त्याच वळणावर राजपत्र मोटारीला ७० पर्यंत सूट देतं. दोन्ही कागद अधिकृतच. एकानं रस्त्याकडे बघून लिहिलंय, दुसऱ्यानं रकान्याकडे बघून.

हा फरक किती मोठा आहे ते त्याच संस्थेचा आणखी एक तक्ता सांगतो. गाडी थांबवायला पुढचा रस्ता किती दिसायला हवा, याची अंतरं त्यात आहेत. ४० च्या वेगाला ४५ मीटर. ५० ला ६०. ६० ला ८०. ८० ला १२०. १०० ला १८०. वेग दुप्पट झाला, ४० चा ८० झाला, तर अंतर दुप्पट होत नाही, पावणेतीन पटीच्या जवळ जातं. कारण ब्रेक लागल्यावरचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं आणि माणसाला ब्रेकवर पाय न्यायला जी अडीच सेकंदं धरलेली असतात, तेवढ्यात गाडी काहीच न करता पुढं गेलेली असते. कापसाची पऱ्हाटी डोक्याइतकी उंच झाली की आश्विनात आमच्याकडच्या वळणांवर ४५ मीटरही दिसत नाही. राजपत्राला पऱ्हाटी माहीत असण्याची अपेक्षा मी करत नाही. पण कोणाला तरी ती माहीत असायला हवी.

जाता जाता ओळींबद्दलही. तक्ता प्रवासी गाडी आसनांवरून ओळखतो, प्रवाशांवरून नाही. आमच्याकडची काळीपिवळी आठ आसनांची असेल आणि तिच्यात लग्नसराईत पंधरा जण बसले असतील, तर ती आठ आसनांचीच गाडी. तिला ७० ची सूट. तिच्याहून निम्म्या गर्दीनं जाणाऱ्या मिनीबसला ६०. आणि ट्रॅक्टर? दसऱ्यानंतर जामनेरच्या रस्त्यांवर जे वाहन सगळ्यांत जास्त दिसतं, कापसाची ट्रॉली ओढत, मागचा दिवा नसलेलं, अर्धा रस्ता अडवून चालणारं, त्याची ओळच या तक्त्यात नाही. बैलगाडीची तर नाहीच, ती मोटार वाहन नव्हे. म्हणजे चौथ्या रकान्यात ज्यांच्याशी टक्कर होण्याची भीती जास्त, ते दोन्ही मानकरी तक्त्याबाहेर उभे आहेत.

आता कलम ११२. मोटार वाहन कायदा १९८८ चा. माझ्या मते या सगळ्या वाङ्मयातला हा सर्वांत घडीव मजकूर. पहिलं पोटकलम केंद्राला छत घालायचा अधिकार देतं: कोणत्याही प्रकारच्या वाहनाची कमाल केंद्रानं ठरवलेल्या कमालीच्या वर जाता कामा नये. दुसरं पोटकलम राज्य सरकारला, किंवा राज्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याला, त्या छताखाली हवी ती मर्यादा घालायची मुभा देतं. कारणं मोजकी आहेत: लोकांची सुरक्षितता, लोकांची सोय, आणि एखाद्या रस्त्याचं किंवा पुलाचं स्वरूप. मर्यादा सगळ्या राज्याला असू शकते, एका भागाला असू शकते, एकाच रस्त्यालाही असू शकते. सगळ्या वाहनांना किंवा एकाच प्रकाराला. किमान वेगही ठरवता येतो. याची रचना नीट पाहिली तर वरून खाली येताना आकडा फक्त उतरू शकतो. खालच्याला चढवायचा अधिकार नाही. दिल्ली सांगते याच्या वर नको. मुंबई, जळगाव सांगू शकतात, आमच्याकडे याच्याही खाली.

आणि त्यासाठी दोन गोष्टी एकत्र लागतात: राजपत्रात अधिसूचना आणि रस्त्यावर फलक. हे ‘आणि’ मला फार मोलाचं वाटतं. नुसता कागद पुरत नाही, कारण गाडी चालवणारा राजपत्र वाचत नाही. नुसता फलकही पुरत नाही, कारण फलक कोणीही रोवू शकतो. दोन्ही एकमेकांचे साक्षीदार. आमच्या भागातल्या कित्येक ‘वाहने सावकाश चालवा’ पाट्या या कसोटीला उतरणार नाहीत. नेत्याचा वाढदिवस आणि सावकाशीचा उपदेश एकाच पत्र्यावर असतो, त्यात आकडा कुठंच नसतो.

एकाच देशात मर्यादा इतक्या वेगवेगळ्या का, याचं उत्तर या दुसऱ्या पोटकलमात आहे. समृद्धी महामार्ग ताशी १५० च्या वेगासाठी आखलाय. फलक १२० चा, डोंगराळ भागात १०० चा. तक्त्यात मोटारसायकलला द्रुतगती मार्गावर ८० दिलेत, पण समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही, म्हणजे महाराष्ट्रात तो आकडा वापराविना पडून आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर सरळ रस्त्याला ८०, बोगद्यात ६०, वळणांवर आणि चढण्या-उतरण्याच्या जागी ४०. एकच रस्ता, दहा मिनिटांत तीन आकडे. केरळनं जुलै २०२३ पासून दुचाकीची कमाल ७० वरून ६० वर आणली. तिथं शहरात मोटारीला ५० आहेत. केंद्राचा तिसरा रकाना ७० म्हणतो, केरळ ५०. मी ज्याला राखून ठेवलेली जागा म्हणालो, ती केरळनं भरली. जामनेरला भरायची असेल तर कायदा आडवा येत नाही.

पण भरायची कशी? आकडा ठरवायचा तरी कशावरून? जगात याच्या दोन मोठ्या परंपरा आहेत आणि दोन्ही रसिकानं बघाव्या अशा आहेत. अमेरिकी परंपरेत इंजिनिअर रस्त्याच्या कडेला उभा राहतो, मोकळ्या वाहतुकीतल्या गाड्यांचे वेग मोजतो, ते चढत्या क्रमानं लावतो आणि शंभरातल्या पंच्याऐंशीव्या गाडीचा वेग बघतो. बहुतेक लोक शहाणे असतात, त्यांच्या चालीवरूनच मर्यादा काढावी, हा त्यामागचा विश्वास. त्यात लोकशाहीचा एक सुगंध आहे. पण या मतदानात मत फक्त चालवणाऱ्याला. रस्ता ओलांडणारी म्हातारी मोजणीत येत नाही, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई येत नाही.

स्वीडननं १९९७ मध्ये उलट टोक पकडलं. त्यांनी विचारलं, माणसाचं शरीर किती सोसतं? पायी माणूस आणि गाडी जिथं एकत्र, तिथं ३०. चौकात कुशीवर धडक बसू शकते, तिथं ५०. समोरासमोर टक्कर होऊ शकते, तिथं ७०. यातलं काहीच होणार नाही अशी बांधणी असेल, तरच १०० च्या वर. आपल्या तक्त्यातला दुभाजकाचा प्रश्न या स्वीडिश प्रश्नाचा चुलतभाऊ आहे. फक्त आपण तो अर्धाच विचारला. समोरासमोरच्या टकरीपाशी थांबलो, पायी माणसापर्यंत आलो नाही. तिसरा रकाना तिथूनच मोकळा राहिला.

हा तक्ता एकदा न्यायालयानंही वाचला. अपघातात कायमचं अपंगत्व आलेल्या एका दंतवैद्य महिलेच्या नुकसानभरपाईचं प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापुढं होतं. त्यात न्यायालयानं २०२१ मध्ये ही अधिसूचना रद्द ठरवली आणि २०१४ च्या अधिसूचनेतल्या कमी मर्यादांकडे परत जायला सांगितलं. केंद्राचं म्हणणं होतं की रस्ते सुधारले, इंजिनं आणि ब्रेक सुधारले, म्हणून आकडे वाढवले. न्यायालयाचं म्हणणं, मरणाचं मुख्य कारणच वेग असताना तो वाढवता कसा? त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये उघडलेल्या समृद्धीवर फलक लागला तो १२० चाच. एका मजकुराची दोन वाचनं इतकी दूर जाऊ शकतात, हे समीक्षेत नवं नाही. मी या वादात पूर्णपणे न्यायालयाच्या बाजूचा नाही. द्रुतगती मार्गाच्या १२० पेक्षा मला गावरस्त्याचे ७० जास्त छळतात. पण तक्ता माणसाच्या अंगावर ठेवून वाचायचा असतो, हे त्या न्यायालयानं दाखवलं.

आमच्या गावांनी हाच मजकूर आपल्या हातानं लिहून काढलाय. त्याला बोलीत ब्रेकर म्हणतात. अपघात झाला, पोर गेलं, रास्ता रोको झाला, तहसीलदार आले, आश्वासन मिळालं आणि त्या रात्रीच डांबर किंवा मुरमाचा उंचवटा तयार. रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मापदंडात गतिरोधकाची आकृती आहे: १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, रुंदी ३.७ मीटर, उंची फक्त १० सेंटीमीटर, वर काळे-पांढरे पट्टे, आधी इशाऱ्याचा फलक. ताशी २५ नं गेलेल्या गाडीला हलका हेलकावा बसावा असं ते माप आहे. त्या मापात एक लय आहे, जवळजवळ पाळण्याची. गावाच्या ब्रेकरला त्रिज्या नसते, राग असतो. तो पट्ट्यांविना, इशाऱ्याविना, एस.टी.च्या मागच्या बाकावरच्याला छतापर्यंत उडवतो. बाळंतपणाला चाललेल्या बाईचे त्यावर काय हाल होतात ते सांगायला नको. मी त्याचं समर्थन करत नाही. राष्ट्रीय महामार्गावर तर गतिरोधक असूच नयेत अशी केंद्राची भूमिका आहे, म्हणून तिथं जाड पांढरे पट्टे मारून भागवतात.

तरी वाचक म्हणून मला ब्रेकरची किंमत कळते. तो नेमक्या त्या जागी असतो जिथं फलक आणि अधिसूचना असायला हवी होती: शाळेसमोर, मारुतीच्या पारासमोर, दूध संकलनाच्या जागी, दोन वस्त्यांना जोडणाऱ्या फाट्यावर. कलम ११२ मधलं ‘रस्त्याचं स्वरूप’ कोणाला पाहायचं असेल, तर त्यानं तालुक्यातल्या बेकायदा ब्रेकरांचा नकाशा काढावा. सार्वजनिक बांधकाम, पोलीस आणि आर.टी.ओ. यांनी एकत्र पाहणी करून जे ठरवायचं, त्याचा कच्चा खर्डा तिथं आधीच पडलेला आहे. तो पुसायचा असेल तर खुशाल पुसावा. पण पुसायच्या आधी वाचावा.

याच कायद्यातलं कलम १८३ शिक्षेचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १ ते २ हजार आणि मध्यम किंवा जड वाहनाला २ ते ४ हजार दंड आहे. त्यातला मला रमवणारा भाग तिसऱ्या आणि चौथ्या पोटकलमात आहे. तिसरं म्हणतं, आरोपी बेकायदा वेगानं जात होता असं एकाच साक्षीदाराचं मत असेल, तर नुसत्या त्या मतावर शिक्षा होणार नाही. त्या मताला यंत्राच्या किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजमापाचा आधार हवा. म्हणजे टपरीवरून कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं, ‘गाडी लई जोरात व्हती’, तरी एवढ्यावर काम भागत नाही. जोर हा भाव आहे, वेग हे माप आहे, हा भेद कायद्यानं फार नीट सांभाळलाय. आता सरकारचा २०२२ चा अपघात अहवाल घ्या. त्या वर्षी देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातली ७१ टक्के ‘अतिवेग’ या शीर्षकाखाली मोडली. या नोंदी पोलिसांकडून, अपघात होऊन गेल्यावर येतात. हजार रुपयांच्या दंडाला आपण यंत्राचा आधार मागतो आणि लाखभर मृत्यूंचं कारण लिहिताना तो आग्रह ढिला पडतो. वेग जीव घेतो याबद्दल मला शंका नाही. पण दुभाजक नसणं, फलक नसणं, वळण चुकीचं असणं, हे सगळं या एका सोयीच्या शब्दाखाली गाडलं जातं, अशी माझी शंका आहे.

चौथं पोटकलम तर एखाद्या कथाकाराला सुचावं असं. मालकानं असं वेळापत्रक प्रसिद्ध केलं किंवा अमुक वेळात पोचच असा हुकूम दिला, जो वेगमर्यादा मोडल्याशिवाय पाळणं शक्य नाही, तर ते वेळापत्रक, तो हुकूम, हाच मालकाविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा! ड्रायव्हरच्या पायामागं मालकाचं घड्याळ असतं, हे कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. एस.टी.च्या वेळापत्रकाकडे लोक हसून बघतात. या कलमाच्या उजेडात त्यातला उशीर मला बराच सोज्वळ दिसतो. रात्रीत मुंबई-पुणे गाठणाऱ्या खाजगी गाड्यांची तिकिटं मात्र हे कलम शेजारी ठेवून वाचावीत.

वेगाची मर्यादा खालून वर कशी ठरते हे ज्यांना बघायचं असेल, त्यांच्यासाठी आमच्याकडे पीजे होती. पाचोरा ते जामनेर, ५६ किलोमीटर, अडीच फुटी रूळ, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास सुरू झालेली. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा करत ती दोन तासांहून जास्त वेळ घेई. मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता रुंद रुळांची वाट बघतेय. रेल्वेत नुसत्या वाहनांच्या जाती पाडून भागत नाही. रूळ किती जड, खालचे स्लीपर कसे, पूल किती जुना, वळण किती तीव्र, यावरून त्या त्या तुकड्याचा वेग ठरतो. कुठं काम चालू असेल तर स्टेशनमास्तर ड्रायव्हरला कागद देतो, अमुक किलोमीटरपासून अमुक किलोमीटरपर्यंत एवढ्याच वेगानं, आणि ड्रायव्हर त्यावर सही करतो. रस्त्याच्या स्वरूपाची ती लेखी पावती. पहूरच्या फाट्यावर ७५३-एल वर चढणाऱ्या मोटारवाल्याची सही कोणीच घेत नाही, घेणं शक्यही नाही. म्हणून तर त्याच्यासाठी फलकाला इतकं महत्त्व: लाल कडेचं पांढरं वर्तुळ, आत काळा आकडा, बस्स. तो आकडा लांबून वाचता यावा म्हणून किती मोठा काढायचा, हेही मापदंडात ठरलेलं आहे. आमच्याकडे तो बहुधा बाभळीच्या फांदीमागं असतो किंवा त्यावर क्लासची जाहिरात चिकटवलेली असते.

शेवटी कलम ११२ च्या त्या छोट्या परंतुकाबद्दल, जे घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतं. मर्यादा एक महिन्यापेक्षा जास्त राहणार नसेल, तर राजपत्रातली अधिसूचना लागत नाही. अधिकार असलेल्या अधिकाऱ्यानं फलक लावला की पुरे. हे परंतुक आमच्या तालुक्यासाठीच लिहिलंय असं वाटावं इतकं ते इथं बसतं. कार्तिकात शेंदुर्णीला त्रिविक्रमाचा रथ निघतो, पंचक्रोशी रस्त्यावर उतरते. शाळा जूनमध्ये उघडतात तेव्हा पहिले काही आठवडे पोरं रस्ता ओलांडायला शिकत असतात. कापूस बाजारात येतो तेव्हा ट्रॉल्यांच्या रांगा जिनिंगच्या फाटकाबाहेर अंधारात उभ्या असतात. या प्रत्येक वेळी २० चा किंवा ३० चा फलक, एका महिन्याच्या आत काढायचा या अटीवर, मुंबई-दिल्लीला एक ओळ न लिहिता लावता येतो. रथाच्या आठवड्यासाठी पहूर-शेंदुर्णी रस्त्यावर असे फलक लावायचे, तर पत्र्याचे तुकडे, दोन रंग आणि एक सही एवढाच खर्च आहे.